तीस पोरं, एक बॉल

खान्देशातल्या बहुतेक शाळांत बास्केटबॉल पावसाळ्यात उगवतो आणि दिवाळीच्या आत मावळतो. तालुक्याच्या स्पर्धेचं पत्रक येतं, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट ठरतात, क्रीडाशिक्षक वर्गावर्गांतून उंच पोरं गोळा करतात आणि पंधरा-वीस दिवस संध्याकाळी मैदानावर पाच विरुद्ध पाच असा खेळ रंगतो. बॉल एक, पोरं तीस. दहा खेळतात, वीस कडेला बसून आपला नंबर कधी लागतो ते बघतात. मग स्पर्धा होते. बाद पद्धत असल्यामुळे कितीतरी संघ एकच सामना खेळून संध्याकाळच्या एसटीने घरी परततात, आणि बॉल कपाटात जातो तो थेट पुढच्या पत्रकापर्यंत.

या पंधरा-वीस दिवसांना आपण सराव म्हणतो. माझ्या मते त्यात खेळ होतो, सराव होत नाही. हा फरक शाळांनी, पालकांनी आणि क्रीडा खात्याने वेळेच्या आणि पैशाच्या वाटपात मान्य केल्याशिवाय जळगाव, धुळे, नंदुरबारमधून एखाद-दुसरा चांगला खेळाडू निघेल, चांगला संघ निघणार नाही. सराव नीट झाला की नाही हे ठरवायला मला दोनच मोजमापं पुरेशी वाटतात. प्रत्येक पोराच्या हाताला बॉल किती वेळ लागला, आणि प्रत्येक पोर किती वेळा मोठ्याने बोललं.

आधी बॉलचा हिशेब करू. पूर्ण सामना ४० मिनिटांचा, १० मिनिटांचे चार क्वार्टर. मैदानावर दहा जण, बॉल एक. अगदी समसमान वाटणी धरली तरी एकाच्या वाट्याला ४ मिनिटं येतात. प्रत्यक्षात तशी वाटणी कधीच होत नसते. ज्याला आधीपासून ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढे नेणं, जमतं तो बॉल घेऊन फिरतो, उंच पोरगा रिंगखाली हात वर करून उभा राहतो, बाकीचे बॉलमागे पळतात. आठवीतल्या बुटक्या पोराच्या हाती त्या सगळ्या वेळात अर्धा मिनिट बॉल आला तरी पुष्कळ. कडेला बसलेल्या वीस जणांचा आकडा तर शून्यच. आता तेच मैदान मधोमध विभागा. दोन रिंग, दोन बॉल, प्रत्येक रिंगवर तीन विरुद्ध तीन. एका वेळी बारा जण खेळतात आणि तेवढ्याच ४० मिनिटांत एकाची वाटणी साडेसहा मिनिटांच्या वर जाते. आणि दहा मिनिटं प्रत्येकाच्या हातात स्वतःचा बॉल दिला, फक्त डाव्या हाताने ड्रिबल करायला लावलं, तर दहाची दहा मिनिटं त्या पोराची. कौशल्य हाताला लागतं ते इथे. सामन्यात ते फक्त तपासलं जातं.

म्हणून बॉलची संख्या हा माझ्या लेखी पहिला सार्वजनिक प्रश्न आहे. स्पर्धा आली की जर्सी छापायला वर्गणी निघते, बॉलसाठी सहसा निघत नाही. ज्या शाळेत जर्सी बारा आणि बॉल दोन आहेत, तिथे पैशाचा क्रम उलटा लागला आहे. सिमेंटच्या मैदानावर रबरी बॉल चांगला टिकतो, चामड्याच्या बॉलची गरजही नाही. आणि बॉल वयाला साजेसा हवा. पाचवी-सहावीच्या पोरांना ५ नंबरचा, मोठ्या मुलींना ६ नंबरचा, मोठ्या मुलांना ७ नंबरचा. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात ७ नंबरचा बॉल आणि समोर ३.०५ मीटर उंचीची रिंग असली की ती बॉल कमरेपासून, दोन्ही हातांनी, अख्खं अंग झोकून फेकते. तोच झटका तिच्या शॉटमध्ये कायमचा बसतो. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते ती याचसाठी. गावातला वेल्डिंगवाला त्याच खांबावर खाली एक जादा रिंग बसवून देऊ शकतो. एवढ्या एका कामाने लहान गटाचा शॉट सुधारतो, आणि त्यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

या खेळाचा जन्मच एका व्यायामशिक्षकाच्या अडचणीतून झाला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे हिवाळ्यात घरात कोंडलेला अठरा जणांचा वर्ग होता. त्यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, फुटबॉल घेतला, तेरा नियम लिहिले आणि नऊ विरुद्ध नऊ असा खेळ लावला. त्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हतं. बॉल हाती आला की पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. म्हणजे बास्केटबॉल मुळात पास देण्याचा आणि मोकळी जागा शोधण्याचा खेळ आहे. आपल्या मैदानांवर मात्र पहिल्या दिवसापासून ड्रिबल करणारा हिरो ठरतो आणि पास देणं हे अडकल्यावरचं काम होऊन बसतं.

नेस्मिथ यांचा तो नियम सरावात परत आणावा असं मला मनापासून वाटतं. तीन विरुद्ध तीन, अर्धं मैदान, ड्रिबल बंद. पहिले दोन दिवस गोंधळ होतो. बॉल ज्याच्याकडे आहे तो अडकतो, कारण बाकीचे दोघे त्याच्याकडे बघत उभे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरांच्या लक्षात येतं की पास दिला की थांबायचं नाही, कापत आत जायचं, हात दाखवायचा, नावाने हाक मारायची. जागा कशी मोकळी करायची हे फळ्यावर बाण काढून तासभर समजावलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते या एका बंदीने पायांत उतरतं.

पायांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. तालुक्याच्या सामन्यात पंचाची शिट्टी वारंवार कशाला वाजते ते पाहा. ट्रॅव्हल. पोरगा धावत येतो, बॉल पकडतो, तीन पावलं टाकतो आणि बॉल समोरच्या संघाकडे जातो. त्याला धावायला शिकवलेलं असतं, थांबायला कुणी शिकवलेलं नसतं. दोन्ही पाय एकदम टेकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून थांबणं. मग एक पाय जमिनीला खिळवून दुसऱ्याने वळणं. हे रोज दहा मिनिटं केलं तर महिन्याभरात त्या शिट्ट्या बऱ्याच कमी होतात. त्याला बॉलही लागत नाही. ले-अपचंही, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटचंही, तसंच. मैदानाच्या मधून पळत येऊन ले-अप मारायला सांगितलं की पोरांचे पाय हमखास चुकतात. उलटीकडून सुरुवात करावी. आधी रिंगजवळ उभं राहून एकच पाऊल आणि बोर्डावरच्या चौकोनाच्या कोपऱ्यात बॉल. मग दोन पावलं, खडूने जमिनीवर आखलेली, उजव्या बाजूने उजवं-डावं-उडी. ते पक्कं झालं की एक ड्रिबल जोडायचं. मग तेच सगळं डाव्या बाजूने, डाव्या हाताने. डावा हात तयार नसलेल्या खेळाडूला समोरचा संघ दुसऱ्या मिनिटाला ओळखतो आणि सामनाभर त्याच बाजूला ढकलत राहतो.

उंचीच्या मोहाबद्दलही बोलायला हवं. सतनाम सिंग हा पंजाबातल्या बल्लो के या गावचा सात फुटांहून उंच मुलगा २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने निवडला. तिथे ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, निवड झालेला तो पहिला भारतीय. ते पाहून गावोगावी उंच पोरांचा शोध सुरू झाला तर नवल नाही. पण तो आधी लुधियानाच्या अकादमीत घडला, मग फ्लोरिडात कित्येक वर्षं घडवला गेला, हा भाग आपण विसरतो. आपण उंच पोरगा शोधतो आणि रिंगखाली उभा करून ठेवतो. बुटक्या पोरांना मात्र रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं, हे आपलं कामच नाही असं वाटत राहतं. शॉट उडाला की बॉलकडे न बघता आधी आपला माणूस शोधायचा, त्याच्याकडे पाठ करायची, खाली बसून त्याला पाठीवर अडवायचं आणि मग बॉलकडे झेपावायचं. हे ज्या संघाच्या पाचही जणांना येतं, त्याच्या बुटक्या पोरांनाही रिबाउंड मिळतात. आणि हे सुरू होतं एका ओरडण्याने. ज्याच्या समोरून बॉल सुटला त्याने "शॉट!" म्हणून ओरडायचं, म्हणजे पाठ वळलेल्या चौघांना कळतं.

इथून मी माझ्या दुसऱ्या मोजमापाकडे येतो. आपले संघ मुके खेळतात. समोरून स्क्रीन येतेय, म्हणजे वाट अडवायला समोरच्या संघाचा खेळाडू आडवा येऊन उभा राहतोय, हे मागच्याला दिसत असतं, तो सांगत नाही. आपला माणूस सुटला, मदत हवी, हे कळत असतं, तोंडातून शब्द निघत नाही. मग पुढचा खेळाडू आडव्या आलेल्या खांद्यावर आदळतो आणि समोरचा रिकामा ले-अप मारतो. टाइमआउटमध्ये शिक्षक विचारतात, "सांगितलं का नाही?" पोरं खाली बघतात.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे आमची पोरं लाजाळू आहेत, मुली तर फारच, घरी त्यांना हळू बोलायची सवय लावलेली असते. हे मला मान्य नाही. त्याच शाळेच्या खो-खोच्या मैदानावर जा. तिथे तीच मुलगी पाठीत हात लावून असा "खो" देते की रस्त्यापर्यंत ऐकू यावा. कारण खो-खोच्या नियमातच आहे की "खो" मोठ्याने आणि स्पष्ट द्यायचा. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा आवाज तुटला की चढाई संपली. आपल्या मातीतल्या दोन्ही खेळांनी आवाज नियमात बांधून घेतला आहे. बास्केटबॉलच्या नियमात तशी सक्ती नाही, म्हणून ती सरावात आणावी लागते. मुलगी लाजाळू असते असं म्हणणं म्हणजे आपण तिला बोलायचं कारणच दिलेलं नाही ही गोष्ट झाकणं आहे.

तालुक्याच्या एका मैदानावर मी पाहिलेला मुलींचा सराव सांगतो. मॅडमनी एकच नियम लावला होता: आपल्यावर बास्केट झाली आणि त्या आधी बचाव करणाऱ्यांपैकी कुणीच बोललं नसेल, तर गुण दुप्पट. आठवीतली एक सडपातळ मुलगी मागे उभी होती. तिच्या पुढे अकरावीतली ताई बॉलवाल्या मुलीला अडवत मागे सरकत होती आणि तिच्या डाव्या अंगाला स्क्रीन येऊन उभी राहत होती. आठवीतलीला ते दिसत होतं. ताईला सांगायचं तर ताई मोठी. दोन वेळा ती गप्प राहिली, दोन्ही वेळा बास्केट झाली, दोन्ही वेळा चार-चार गुण गेले आणि ताई वैतागून म्हणाली, "अगं, सांग ना!" तिसऱ्या वेळी तिने जोरात हाक दिली, "ताई, डावीकडे!" ताईने मान न वळवता डावा हात मागे नेला, स्क्रीनचा अंदाज घेतला आणि पाय टाकून तिच्यावरून पुढे सरकली. बॉलवाल्या मुलीच्या हातून बॉल सुटला. मॅडम कडेला उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. लहानीने मोठीला हुकूम द्यायची परवानगी त्या मैदानावर नियमाने मिळाली होती. आपल्याकडे वयाचा मान इतका खोल रुजलेला आहे की अशी परवानगी उघडपणे दिल्याशिवाय लहान पोर तोंड उघडत नाही.

कोणत्या भाषेत बोलायचं हाही खान्देशात खरा प्रश्न आहे. धुळे-अमळनेरकडची पोरं घरी अहिराणी बोलतात, रावेर-यावलची लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्याकडची पावरी नाहीतर भिली. शिक्षक "स्विच" (माणूस बदल), "हेल्प" (मदत कर) शिकवतात आणि पोरं ते शब्द पाठ करतात, पण धावपळीत तोंडात येत नाहीत. घाईत माणसाच्या तोंडून घरचाच शब्द निघतो. म्हणून संघाने आपले सात-आठ इशारे स्वतः ठरवावेत, जे पटकन निघतील आणि सगळ्यांना कळतील असे. "मांगे!" म्हटल्यावर पाचही जण मागे वळत असतील तर तो त्या संघाचा उत्तम इशारा आहे. नंदुरबारच्या वसतिगृहातल्या संघात दोन-तीन बोलींची पोरं एकत्र असतील तर त्यांनी एकत्र बसून शब्द निवडावेत. ते बसणंसुद्धा सरावच आहे.

पोरं बोलत नाहीत याचं आणखी एक कारण कडेला उभं असतं. शिक्षकच इतके बोलतात की पोरांना बोलायला जागाच उरत नाही. पूर्ण सामन्यात प्रशिक्षकाला पाच टाइमआउट मिळतात, पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन, प्रत्येक एका मिनिटाचा. बाकीचा वेळ मैदानावरच्या पाच जणांनीच निभवायचा असतो. टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आलेल्या तीन विरुद्ध तीनच्या प्रकारात तर टोकियोत सामना चालू असताना प्रशिक्षकाने सूचना द्यायलाच बंदी होती. १२ सेकंदांत शॉट, १० मिनिटांचा किंवा २१ गुणांचा खेळ, आणि ठरवणारे फक्त खेळाडू. शाळेच्या सरावात रोज दहा मिनिटं अशी ठेवावीत की शिक्षकांच्या तोंडात शिट्टीही नसेल.

उरलेल्या वेळात काय बोलावं? अमेरिकेतले जॉन वुडन आधी शाळेत इंग्रजी शिकवत. पुढे बास्केटबॉल प्रशिक्षक म्हणून त्यांच्या यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा विद्यापीठांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांच्या शेवटच्या हंगामात रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावांना बसून त्यांचं बोलणं नोंदवलं. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग साध्या, नेमक्या सूचनांचा होता: काय करायचं, कसं करायचं. निव्वळ शाबासकी आणि निव्वळ नाराजी, दोन्ही शेकडा सातच्या आसपास. ते बरोबर करून दाखवत, मग चूक कशी झाली ते दाखवत, मग पुन्हा बरोबर, आणि सगळं काही सेकंदांत. सरावाचं मिनिटामिनिटाचं नियोजन ते लहान कार्डांवर लिहून आणत. आपल्याकडे "अरे काय करतोस!" ही सूचना समजली जाते. पोराला त्यातून पुढच्या वेळी कोपर कुठे ठेवायचं हे कळत नाही.

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे. एका क्रीडाशिक्षकाकडे चार-पाच खेळ, शिवाय वर्गाचे तास, निवडणुकीची कामं, परिपाठ. तीस पोरांना एकटा माणूस कसा बघणार? उत्तर त्या तिसांतच आहे. मैदानाचे चार भाग करा, प्रत्येक भागावर मोठ्या गटातला एक मुलगा किंवा मुलगी उभी करा, आठ मिनिटांनी शिट्टी आणि गट पुढे सरकतो. एका ठिकाणी पाय, एका ठिकाणी पास, एका ठिकाणी ले-अप, एका ठिकाणी रिबाउंड. ज्याला दुसऱ्याला शिकवायचं आहे त्याला बोलावंच लागतं, म्हणजे आवाजाचं काम आपोआप होतं. शेवटची दहा मिनिटं, पोरं दमलेली असताना, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट. बोर्डापासून ४.६० मीटर, समोर कुणी अडवायला नाही, तरी सामन्याच्या शेवटी हेच गुण हातचे जातात, कारण सरावात ते ताज्या दमाने मारलेले असतात.

आणि पोरांना सामनाच आवडतो, कौशल्याचे तास कंटाळवाणे होतात, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. मोठी माणसंही अर्धा तास भिंतीवर पास मारत राहणार नाहीत. म्हणून रोज सामना द्यावाच, पण छोटा, आणि प्रत्येक वेळी एखाद्या अटीचा: आज फक्त डावा हात, आज पाच पासशिवाय शॉट नाही, आज गप्प राहिल्यास दंड. पोरांना गुण मोजले जाण्याशी मतलब असतो, संख्या पाच आहे की तीन याच्याशी नसतो.

हवामानाचं कारण मात्र मी मानत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि सिमेंटचं मैदान संध्याकाळी सातपर्यंत तापलेलं राहतं, हे खरं. पण सुट्टीत पोरं मोकळी असतात. सकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवावं, दर पंधरा मिनिटांनी पाणी पाजावं. पावसाळ्यात मैदानावर शेवाळ धरतं, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात पायांचं आणि पासचं काम होतं. वर्षातून दहा महिने, आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास असं चाललं की स्पर्धेआधी वेगळं काही करावं लागत नाही.

मग हे होत का नाही? कारण आपण प्रमाणपत्रासाठी खेळतो. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, या दोन्ही गोष्टी कापसावर घर चालणाऱ्या बापासाठी खऱ्या आहेत, त्यांना कमी लेखणं मला जमणार नाही. पण दोन्ही स्पर्धेला जोडलेल्या आहेत, म्हणून शाळेचं सगळं लक्ष स्पर्धेवर. सरकारने स्पर्धेचं रूप बदललं तर शाळा त्यामागे येतील. तालुक्याच्या बास्केटबॉलमध्ये बाद पद्धतीऐवजी आधी गटातले किमान तीन सामने असावेत. पहिल्याच दिवशी हरलेल्या संघांसाठी बाजूच्या रिंगवर तीन विरुद्ध तीनचे सामने लावावेत. संघाची नोंदणी करताना शाळेकडे किती बॉल आहेत आणि वर्षभराचे सरावाचे दिवस किती, हेही लिहून घ्यावं. तालुका क्रीडा संकुलांचा निधी देताना नव्या इमारतीआधी वर्षभर मैदानावर उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाचं मानधन धरावं. बंद दाराच्या संकुलापेक्षा उघड्या मैदानावरचा एक पगारी माणूस जास्त पोरं घडवतो.

पालकांनी सरकारची वाट बघण्याचं कारण नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पालकसभेत दोन प्रश्न विचारा: शाळेत बास्केटबॉलचे बॉल किती आहेत, आणि सराव आठवड्यातून किती दिवस होतो? बॉल दोनच असतील तर या वर्षीची वर्गणी जर्सीसाठी न देता आणखी आठ बॉलांसाठी द्या.